भयाचा नाद आणि समेचा भरवसा

मनुष्याला भय वाटते ते वस्तूचे, की वस्तूविषयीच्या अज्ञानाचे, हा प्रश्न तत्त्वचिंतनाइतकाच जुना आहे. परंतु चित्रपटाच्या कलेने गेल्या शतकात त्याला असे काही रूप दिले की, तो केवळ पंडितांच्या विचाराचा विषय न राहता तिकीट काढून अंधारात बसणाऱ्या प्रत्येक माणसाच्या अनुभवाचा विषय झाला. पडद्यावर एक रिकामा जिना दिसतो. त्यावर कोणी नाही, कोणी येत असल्याची खूणही नाही. आणि तरीही तंतुवाद्यांवरचा खर्जातला एखादा स्वर सावकाश चढू लागला की आपले तळहात ओले होतात व श्वास आखडतो. तो जिना चित्रीकरणापुरता उभारलेला आहे, वरच्या मजल्यावर कोणी मारेकरी नाही आणि असलाच तर तो वेतन घेऊन काम करणारा नट आहे, हे आपणांस पक्के ठाऊक असते. म्हणजे ज्ञान शाबूत असते, आणि भयही असते. मग हे भय कोणत्या अज्ञानातून उत्पन्न झाले? आणि ते नेत्रांवाटे न येता कर्णांवाटेच का आले? कारण आवाज बंद करून तेच दृश्य पाहिले तर भय ओसरते, आणि डोळे मिटून नुसता आवाज ऐकला तर ते बळावते, हे कोणासही पडताळून पाहता येईल. या साध्या पडताळ्यामागे धर्मविचारातील एक मोठा प्रश्न उभा आहे, अशी माझी धारणा आहे: ज्या जगाचा शेवट अद्याप आपल्या कानी आलेला नाही, त्या जगात माणसाने कसे ऐकत राहावे?

या विचाराचा आरंभ चित्रगृहापासून करण्याऐवजी कारखान्यापासून करणे मला अधिक इष्ट वाटते. कारण कलेतील ध्वनी काय करतो हे कळण्यापूर्वी व्यवहारातील ध्वनी काय करतो हे कळले पाहिजे. सोलापुराहून पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत, चिंचोळीकाटीच्या माळरानावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची जी वसाहत आहे, जिला सारा मुलूख चिंचोळी एमआयडीसी या नावानेच ओळखतो, तेथे कापड, रसायने, औषधी द्रव्ये, मोटारींचे सुटे भाग असे नानाविध उत्पादन चालते, आणि माळावर काळोख दाटल्यावरही अनेक शेडमधले दिवे व यंत्रे चालूच असतात. रात्रपाळीच्या कामगाराला यंत्राचा आवाज ऐकू येतो असे म्हणणे अपुरे आहे. तो त्या आवाजात वसती करतो. मोटारीची एकसुरी घरघर, कॉम्प्रेसरचा ठरल्या अंतराने सुटणारा फूत्कार, मागाची खटखट, यांपैकी काहीही त्याच्या जाणिवेच्या अग्रभागी नसते. परंतु एखादे बेअरिंग कोरडे पडून त्या घरघरीत बारीक किरकिर मिसळली की, शेजाऱ्याशी बोलता बोलता अनुभवी फिटर थबकतो, मान वळवितो आणि बिघाड कोठे असावा हे यंत्र उघडण्यापूर्वीच ताडतो. उलट वीज जाऊन सारी यंत्रे एकदम थांबली की, ज्या निःशब्दतेला एरवी आपण विश्रांती म्हणतो तीच अंगावर येते, आणि काय झाले, कोठे झाले, कोणाला काही झाले काय, अशी विचारणा चोहोंकडून सुरू होते.

सोलापूरच्या कानाला हे शिक्षण नवे नाही. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून पुढे कित्येक पिढ्या या शहराचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यांनी मोजला. पहाटेच्या भोंग्यावर चूल पेटली, पाळी सुटल्याच्या भोंग्यावर भाकरी थापली गेली. तो आवाज कर्कश होता, मैल मैल ऐकू जाणारा होता. पण तो ठरल्या वेळी होत असल्यामुळे त्यात भयाचा लवलेश नव्हता. तोच भोंगा, त्याच स्वरात, मध्यरात्री अवेळी वाजला असता तर वस्तीतील एकही दार बंद राहिले नसते. भयाचे बीज ध्वनीच्या स्वरूपात थोडे आणि त्याच्या अपेक्षित स्थानावरून ढळण्यात अधिक असते, ही गोष्ट येथे प्रथम ध्यानी घ्यावी.

फिटरच्या त्या थबकण्याला नैयायिकांच्या परिभाषेत बसविणे कठीण नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे त्याप्रमाणे किरकिरीवरून झिजलेल्या बेअरिंगचे अनुमान होते. ध्वनी हे लिंग, बिघाड हे साध्य. परंतु या दोहोंच्या मध्ये एक क्षण असा येतो की ज्यात लिंग हाती आले आहे आणि साध्य मात्र अनिश्चित आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे 16 पदार्थ गणले आहेत त्यांत या अवस्थेला, म्हणजे संशयाला, स्वतंत्र स्थान दिलेले आहे, आणि त्याचे परंपरागत उदाहरण सर्वश्रुत आहे: संधिप्रकाशात दूर काहीतरी उभे दिसते, ते झाडाचे खोड की मनुष्य, हे ठरत नाही. पुढे जाऊन पाहिले की संशय फिटतो. कारखान्यातील मनुष्याला ही मुभा आहे. तो बॅटरी घेऊन यंत्रापाशी जाईल, झाकण काढील आणि खात्री करून घेईल. चित्रगृहातील प्रेक्षकाला ती नाही. कोठे पाहावयाचे, केव्हा पाहावयाचे आणि किती पाहावयाचे, याचा संपूर्ण ताबा दिग्दर्शकाने आपल्याकडे ठेवलेला असतो; प्रेक्षकाच्या वाट्याला लिंग तेवढे येते, साध्य रोखून धरलेले असते. चित्रपटातील ताण म्हणजे असा कृत्रिमपणे लांबविलेला संशय होय, आणि तो लांबविण्याचे प्रमुख साधन ध्वनी हे आहे.

ध्वनीलाच हा मान का मिळाला, याचे उत्तर बोलपटाच्या इतिहासात आरंभापासूनच सापडते. आपल्याकडे ज्या वर्षी ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली, त्याच 1931 साली जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग याने ‘एम’ हा आपला पहिला बोलपट केला. त्यातील बालहत्यारा शीळ घालतो. ग्रीग या नॉर्वेजियन संगीतकाराची एक लोकप्रिय धून तो शिळेवर वाजवितो. मनुष्य पडद्यावर नसला तरी ती शीळ ऐकू आली की तो जवळपास आहे हे आपण जाणतो, आणि सरतेशेवटी त्याला ओळखतो तो फुगे विकणारा एक आंधळा. डोळस नगराला जे दिसले नाही ते एका अंधाला ऐकू आले, ही कथेची योजना ध्वनीच्या सामर्थ्यावरील जणू भाष्यच आहे. पुढे 1960 साली ‘सायको’साठी बर्नार्ड हर्मन याने सर्व वाद्ये बाजूस सारून केवळ तंतुवाद्यांवर संगीत रचले, स्नानगृहातील हत्येच्या प्रसंगाला संगीत नसावे असा दिग्दर्शक हिचकॉकचा मूळ मनोदय होता, पण हर्मनची रचना ऐकल्यावर त्याने तो बदलला, आणि आज त्या प्रसंगातील सुरीपेक्षा व्हायोलिनच्या किंचाळ्याच लोकांच्या स्मरणात अधिक राहिल्या आहेत. 1975 च्या ‘जॉज’मध्ये तर यांत्रिक शार्क मासा चित्रीकरणात वारंवार बिघडत असल्याने तो फार वेळ दाखविणे शक्यच झाले नाही, त्याची जागा जॉन विल्यम्सच्या दोन स्वरांनी घेतली. ते दोन स्वर आलटून पालटून येतात, प्रथम विरामाने, मग वेगाने, आणि रिकाम्या पाण्याच्या पृष्ठभागाखाली प्रेक्षकाचे मन स्वतःच तो मासा घडवू लागते.

या सर्व युक्त्यांच्या मुळाशी शरीराचा एक प्राचीन करार आहे. खर्जातील आवाज बहुधा मोठ्या देहातून येतो, म्हणून तो ऐकताच देह सावध होतो; फाटलेला, तीव्र, वर चढणारा आवाज आर्त किंकाळीशी सजातीय असतो, म्हणून तो ऐकवत नाही; आणि अकस्मात झालेला मोठा आवाज तर विचाराला पोहोचण्याच्या आधीच स्नायूंना धक्का देऊन जातो. नेत्रांना पापण्या आहेत, कर्णांना नाहीत. दृष्टी पुढच्या बाजूपुरती आहे, श्रवण दशदिशांना आहे. आपण निजतो तेव्हाही कान पहाऱ्यावर असतात. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत आवाजाचा निर्देश अगदी आरंभी केला आहे, आणि त्याच्या पाठोपाठ भूतादिकांचे दर्शन, कोल्हे व घुबडे यांच्यापासून वाटणारा त्रास, अरण्य, ओसाड घर यांची गणना केली आहे. आजचा ध्वनिसंयोजक जी सामग्री वापरतो तिची यादी इतक्या शतकांपूर्वी सिद्ध होती. त्याच ठिकाणी भरतांनी भयाचे तीन प्रकार केले आहेत: एक बतावणीचे, दुसरे स्वतःच्या अपराधातून उत्पन्न होणारे, आणि तिसरे बाहेरून कोणी घाबरविल्यामुळे येणारे. हे त्रैविध्य पुढील विवेचनात आपणांस उपयोगी पडणार आहे.

तथापि, ताण निर्माण करण्यास वाद्यवृंदच लागतो असे समजणे चूक होईल, आणि याचा उत्तम दाखला मराठी चित्रपटानेच दिलेला आहे. 1937 साली प्रभात फिल्म कंपनीने ‘कुंकू’ काढला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो घेतलेला होता, दिग्दर्शक शांताराम होते आणि संगीत केशवराव भोळ्यांचे होते. आणि या चित्रपटात पार्श्वसंगीत मुळीच नाही. नीरा या तरुणीचा विवाह फसवणुकीने वृद्ध काकासाहेबांशी लावला जातो, व ती त्या विवाहाला मनाने वा देहाने मान्यता देण्याचे साफ नाकारते. अशा कथेत करुण सारंगीला व रौद्र नगाऱ्याला किती वाव होता, हे सांगावयास नको. त्या वाटेने न जाता या कर्त्या पुरुषांनी घरातल्या आवाजांवर विश्वास ठेवला. भिंतीवरचे घड्याळ, वावरणाऱ्या माणसांची पावले, घरातली भांडीकुंडी, ग्रामोफोन लावून त्याच्या साथीने म्हटलेले गाणे, असे जे काही त्या वाड्यात स्वभावतः ऐकू येईल तेवढेच प्रेक्षकाला ऐकू येते. याचा परिणाम विलक्षण होतो. पार्श्वसंगीत असते तेव्हा कोणीतरी अदृश्य मार्गदर्शक आपल्या बाजूला बसून, आता भ्यावे, आता रडावे, असा हुकूम देत असतो. तो उठून गेला की नीरेच्या घरातील निःशब्दता आपण स्वतःच्या जबाबदारीवर ऐकू लागतो. घड्याळाच्या टोल्यांत वृद्धाचे सरते आयुष्यही ऐकू येते आणि तरुणीचे वाया चाललेले आयुष्यही ऐकू येते. कोणते ऐकावयाचे, हा निवाडा ऐकणाऱ्यावर सोपविलेला आहे.

असत्य ठाऊक असलेले भय सत्य का वाटते आणि ते सुखद का होते, या मूळ प्रश्नाकडे आता वळू. न्याय-वैशेषिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण आहे, आणि श्रोत्रेंद्रिय हे कर्णविवराने मर्यादित झालेले आकाशच आहे. शब्द पाण्यावरच्या लाटांप्रमाणे एकीतून दुसरी असा पसरतो, की कदंबाच्या फुलातील केसरांप्रमाणे सर्व दिशांना एकदम फुटतो, याविषयी त्यांच्यात चर्चा आहे. परंतु कोणत्याही पक्षाने पाहिले तरी निष्कर्ष एवढा खरा की, जे आकाश जिन्यावर आहे तेच आपल्या कानात आहे. रूप तिकडे असते आणि आपण इकडे असतो. शब्दाच्या बाबतीत मात्र तिकडे आणि इकडे यांची सीमा पुसट होते. पडद्याला चौकट आहे, म्हणून पडद्यावरचा मारेकरी चौकटीत राहतो. त्याच्या पावलांच्या आवाजाला चौकट नाही, तो आपल्या खुर्चीपाशी येतो.

आणि येथेच रसमीमांसक अभिनवगुप्तांचा सिद्धान्त साहाय्यास येतो. भयानक रसाचे उदाहरण म्हणून त्यांनी शाकुंतलातील हरिण घेतले आहे: दुष्यंताच्या रथापुढे पळणारे, मान वळवून पुन्हा पुन्हा मागे पाहणारे, ज्याच्या तोंडातून अर्धवट चघळलेले गवत वाटेवर सांडते आहे असे ते हरिण. ते पाहताना सहृदयाला जे भय प्रतीत होते ते हरिणाचे म्हणून नव्हे, स्वतःचे म्हणून नव्हे, शत्रूचे वा मित्राचे म्हणूनही नव्हे. देश, काल आणि व्यक्ती यांची बंधने गळून पडलेले निखळ भय तेथे मनापुढे येते. यालाच साधारणीकरण म्हणतात. ज्या भयाला मालक नाही त्यापासून पळावयाचे कोणी, हा प्रश्नच उरत नाही; म्हणून पळण्याची तातडी विरून भयाचे स्वरूप तेवढे न्याहाळता येते, आणि त्या न्याहाळण्यात आनंद आहे. चित्रपटातील संगीताचे कार्य या दृष्टीने पाहिले म्हणजे ते नटाच्या भयाला आणि प्रेक्षकाच्या भयाला एकाच सामाईक आकाशात आणून सोडते असे दिसते. तो स्वर नायिकेला ऐकू येत नाही, आपणांस येतो. तो तिचा नाही, आपलाही नाही. तो शुद्ध भयाचा स्वर आहे.

इतके मान्य केल्यावरही एक शंका उरते, आणि ती संगीतशास्त्राच्या अंगाने अधिक स्पष्ट होते. सतत चालणारा, न बदलणारा स्वर हे भयपटाचे आवडते साधन आहे. पण तसाच अखंड स्वर तंबोराही देतो, आणि तंबोऱ्याने कोणी भ्याले आहे असे ऐकिवात नाही. मैफिलीतही ताण असतो. विलंबित एकतालाचे दीर्घ आवर्तन चालू असता गायक सुरांच्या आडवाटांनी इतका दूर जातो की, आता हा समेवर कसा येणार, या चिंतेने श्रोते खुर्चीच्या कडेवर सरकतात. आणि अचूक क्षणी मुखडा घेऊन तो समेवर उतरला की साऱ्या सभागृहातून एकच दाद उठते. पंढरीच्या वाटेवरील भजनात टाळ-मृदंगांची लय चढत चढत अशा टोकाला पोहोचते की देह पुढे टिकणार नाही असे वाटावे. आणि तेथून ध्रुवपद पुन्हा आपल्या जागी परत येते. ताण तोच, लांबविणे तेच, अपूर्णतेची कळही तीच. मग एका ठिकाणी भय आणि दुसऱ्या ठिकाणी भक्ती, असे का?

माझे उत्तर असे आहे की, भेद परतीविषयीच्या भरवशाचा आहे. तंबोरा षड्जाची ग्वाही आधीच देऊन ठेवतो. कितीही वक्र वाट घेतली तरी घर कोठे आहे, हे श्रोत्याला क्षणभरही विसरू दिले जात नाही. भयपटातील अखंड स्वर ही ग्वाही देत नाही; तो कोणत्या रागाचा, कोणत्या घराचा, केव्हा थांबणार, थांबला तर त्यानंतर काय, यांपैकी कशाचाही पत्ता लागू देत नाही. अपूर्ण ध्वनीला परतीचा भरवसा जोडला की श्रद्धेचा अनुभव येतो. तोच भरवसा काढून घेतला की भयाचा अनुभव येतो. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघणराजाच्या कारकिर्दीत, हिशेबाच्या दप्तराचा अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 13 व्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला; त्यात आहत आणि अनाहत असे नादाचे दोन भेद सांगून तो म्हणतो की, अनाहत नाद मुक्ती देणारा खरा, पण तो रंजक नाही; लोकांना रंजविणारा आणि तरीही भवबंध तोडण्यास समर्थ असा आहत नादच आहे. आघातावाचून आहत नाद नाही. ज्या आघाताने आपण दचकतो त्याच जातीच्या आघाताने मन मुक्त होऊ शकते, एवढा आशय या वचनातून घेण्यास हरकत नसावी.

परंतु जग ही मैफल नाही, आणि समेची ग्वाही प्रत्येकाला मिळालेली नसते. तेथे काय करावे? बृहदारण्यकात अशी कथा आहे की, आरंभी एकटाच असलेला प्रजापती भ्याला. मग त्याने विचार केला की, माझ्यावाचून येथे दुसरे कोणी नाही, तर मी भितो कोणाला? आणि त्याचे भय गेले. कारण भय दुसऱ्यापासूनच उत्पन्न होते. रिकाम्या जिन्यावर जो दुसरा उभा आहे असे आपणांस वाटते तो आपल्याच ऐकण्यातून निर्माण झालेला असतो, हे या कथेच्या प्रकाशात पटते. बौद्धांच्या मज्झिमनिकायातील भयभेरव सुत्तात हीच गोष्ट साधनेच्या भाषेत आली आहे, आणि ध्वनीच्या दृष्टीने ती मला अत्यंत मोलाची वाटते. बोधिप्राप्तीपूर्वी गौतम मुद्दाम निवडलेल्या रात्री भयंकर समजल्या जाणाऱ्या वनांत जाऊन राहिला. एखादे श्वापद जवळ येई, मोराच्या भाराने डहाळी मोडे, वाऱ्याने पाने सळसळत. आणि मनात येई, हेच ते भय येत आहे काय? त्याने निश्चय केला की, ज्या स्थितीत भय येईल त्याच स्थितीत राहून त्याचा निरास करावयाचा: चालताना आले तर बसावयाचे नाही, बसलेले असताना आले तर उठावयाचे नाही. त्याने मोराला हाकलले नाही, कानही झाकले नाहीत. ध्वनी आणि त्याचा अर्थ यांच्या मधल्या अंतरात, जेथे सामान्य माणूस पळत सुटतो, तेथे तो स्थिर राहिला. चित्रगृहात आपण तीन तास जे करतो ते या तपाचे अगदी दुर्बळ, सुखासीन, परंतु सजातीय असे प्रतिरूप आहे. भय येते आणि आपण जागचे उठत नाही.

मात्र जागचे न उठणे हे जसे धैर्य असू शकते तसे ते अनास्थाही असू शकते. हा धोका ज्याने ओळखला, असा एक कलावंत याच सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातील जेऊर गावी वाढला. नागराज मंजुळे यांच्या 2013 सालच्या ‘फँड्री’त जब्या या मुलाचे कुटुंब सारे गाव पाहत असताना डुकराचा पाठलाग करीत असते, ओरडा, हसणे, शिव्या, धावपळ यांचा गदारोळ शिगेला पोहोचलेला असतो, आणि इतक्यात शाळेतून राष्ट्रगीताचे स्वर येतात. सारे जण जागच्या जागी ताठ उभे राहतात. जनावराला तेवढे कोणतेच बंधन नसते. येथे ताण निर्माण करणारा स्वर भेसूर नाही. आपण ज्याला वंदन करतो असा तो मंगल स्वर आहे, आणि त्या स्वराने सर्वांना समान उभे केलेल्या त्या काही क्षणांतच, एरवी ते समान नाहीत, ही गोष्ट असह्य रीतीने उघड होते.

29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झालेल्या ‘सैराट’मध्ये हीच दृष्टी टोकास गेली. या चित्रपटाच्या संगीताचे काही ध्वनिमुद्रण संगीतकार अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिस येथे मोठ्या वाद्यवृंदासह केले. त्याच्या गाण्यांवर अवघा महाराष्ट्र नाचला. आणि अशा संगीतसमृद्ध चित्रपटाच्या शेवटी संगीत नाही. जातीबाहेर प्रेमविवाह केलेल्या नायिकेच्या घरी तिच्या माहेरची माणसे भेटी घेऊन आली आहेत, चहा झाला आहे. लहान मूल शेजारणीबरोबर बाहेर गेले आहे. ते परत येते, आणि आईबापांची प्रेते पाहते. आता सारा ध्वनी नाहीसा झालेला असतो. मूल रडते, पण त्याचे रडणे ऐकू येत नाही. ते दारातून बाहेर पडते, आणि त्याच्या चिमुकल्या पावलांचे रक्ताचे ठसे उमटत जातात. सम आली नाही. ध्रुवपद परतले नाही. करुण वाद्यांनी आपल्या वतीने शोक करण्याची जी सोय एरवी असते ती काढून घेतली गेली, आणि जे भय आतापर्यंत कोणाचेच नव्हते त्याला मालक शोधणे भाग पडले. भरतांच्या त्रैविध्याचा उपयोग येथे होतो. बतावणीच्या भयाने सुरू झालेला खेळ या निःशब्दतेत दुसऱ्या प्रकारात, म्हणजे स्वतःच्या अपराधातून येणाऱ्या भयात, पालटतो. ज्या समाजाने हे घडविले त्या समाजाचा घटक मी आहे, या जाणिवेचे ते भय आहे. आणि त्याला साधारणीकरणाचा आसरा मिळू नये, हीच दिग्दर्शकाची योजना आहे.

अभिनवगुप्तांना हे रुचले असते काय, असा आक्षेप कोणी घेईल. कारण स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होणे हे त्यांनी रसास्वादातील विघ्नांत गणले आहे. आक्षेप सयुक्तिक आहे. परंतु विघ्न रसप्रतीतीच्या आधी आले तर ते रसाचा घात करते. येथे ते रस पूर्णतेला पोहोचल्यानंतर येते. अडीच तासांहून अधिक काळ प्रेक्षकाने त्या दोघांच्या प्रेमाचा आस्वाद घेतलेला असतो, म्हणूनच शेवटची निःशब्दता त्याला परकी राहत नाही. रसाने हृदय मृदू केले आणि मग धर्माने त्यावर आपला प्रश्न कोरला, असे मी या घटनेचे वर्णन करीन. आणि दोहोंचा हा क्रम उलटा केला तर उपदेश तेवढा हाती लागेल.

यावरून ध्वनीच्या द्वारे ताण निर्माण करणाऱ्या कलेचे मूल्यमापन करण्याची एक कसोटी हाती येते. जो आवाज केवळ दचकवितो, ज्याच्या पूर्वी अपेक्षा नाही व नंतर अर्थ नाही, तो देहाच्या प्राचीन कराराचा गैरवापर करतो; आणि असा गैरवापर पुनःपुन्हा झाला की कान बधिर होतो. बधिरतेची ही भीती अलंकारिक नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात, सरकारास कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, गोंगाटामुळे येणाऱ्या श्रवणऱ्हासाचा समावेश केला गेला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी औद्योगिक क्षेत्राला दिवसा 75 आणि रात्री 70 डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. चिंचोळीच्या कामगाराचा कान हा त्याच्या देहाचा अवयव असण्याबरोबरच त्याचे व त्याच्या सोबत्यांचे संरक्षण आहे, हे या नियमांमागचे तत्त्व आहे. ज्याला किरकिर ऐकू येईनाशी झाली त्याला धोक्याचा भोंगाही उशिरा ऐकू येतो. मनाच्या कानाविषयीही हाच न्याय लागू आहे: ज्या प्रेक्षकाला प्रत्येक वळणावर वाद्यवृंदाने भ्यावयास शिकविले आहे, त्याला शेजारच्या घरातून येणारा दाबलेला हुंदका, जेथे कोणतेही पार्श्वसंगीत वाजत नाही, तो कसा ऐकू यावा?

म्हणून भयाचा नाद त्याज्य ठरवावा असे मी म्हणणार नाही. परतीचा भरवसा ज्यांना लाभला आहे त्यांनी तो तंबोऱ्याच्या षड्जाप्रमाणे जपावा. आणि ज्यांना तो लाभलेला नाही त्यांनी वनातील गौतमाप्रमाणे आहे त्या स्थितीत राहून ऐकावे. या दोन मार्गांत मला विरोध दिसत नाही; पहिल्यात सम आधीच दिलेली आहे, दुसऱ्यात ती आपल्या आचरणाने आणावयाची आहे. चांगला चित्रपट आपणांस अपूर्ण ध्वनीपाशी थांबण्याचा अभ्यास देतो; त्याहूनही श्रेष्ठ चित्रपट तो अभ्यास पुरा झाल्यावर संगीत काढून घेतो आणि उरलेले काम आपल्यावर सोपवितो. हे काम म्हणजे जगात जेथे जेथे एखादा आर्त स्वर अपुरा तुटला आहे तेथे त्याचा अर्थ समजून घेणे, आणि आपल्याकडून शक्य असेल तेथवर त्याला समेपर्यंत पोहोचविणे होय. ऐकणे हे धर्माचरण आहे ते याच अर्थाने. आणि जो श्रोता हे काम पत्करतो, त्याच्या भयाला कर्तव्याचे रूप येते.